वारंवार बंद पडणारा संगणक : निदानाची रीत

२२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत राज्यातील अनेक गावांनी लोकवर्गणी करून आपल्या शाळेत संगणक आणला. आपला जिल्हाही त्यास अपवाद नव्हता. त्या वेळी घेतलेली यंत्रे आता जुनी झाली आहेत. काम चालू असता ती एकाएकी मिटतात, पडदा निळा पडतो, अथवा चित्र जागच्या जागी गोठते. यूडायसची माहिती भरण्याचे दिवस असले म्हणजे शिक्षकाच्या जिवाची जी तगमग होते ती सांगावयास नको. मग कोणीतरी म्हणतो, "फॉरमॅट मारून टाका." बहुधा येथेच चूक होते.

लेखकाच्या परिचयाच्या एका शाळेत एका वर्षात तीन वेळा फॉरमॅट करण्यात आले. दर वेळी यंत्र पंधरा-वीस दिवस ठीक चाले व पुन्हा मिटू लागे. पहिल्याच खेपेस, जनरल रजिस्टरवरून एका शिक्षिकेने दोन दिवाळीच्या सुट्या खर्चून टंकलेली माजी विद्यार्थ्यांची यादी पुसली गेली. तिची दुसरी प्रत कोठेही नव्हती. चौथ्या खेपेस मात्र मुख्याध्यापकांनी यंत्र दुरुस्तीस पाठविण्याचे थांबविले आणि एक वही घातली. यंत्र केव्हा मिटले, त्या वेळी कोणते काम चालू होते, पडद्यावर काय दिसले आणि वीज होती की नव्हती, एवढेच तीत लिहावयाचे. दहा दिवसांच्या नोंदी समोर ठेवल्या तेव्हा सकाळच्या सत्रात एकदाही बिघाड झाला नव्हता. सर्व नोंदी दुपारी बारानंतरच्या होत्या. कॅबिनेटची बाजू उघडली तो आतील पंख्याखाली धुळीचा जाड थर बसलेला. पाच रुपयांच्या रंगाच्या ब्रशाने तो निघाला. यंत्र त्यानंतर मिटले नाही. यादी मात्र पुन्हा टंकावी लागली.

वर्गातील एखादे मूल वारंवार गैरहजर राहू लागले तर शिक्षक प्रथम हजेरीपट पाहतो : सोमवारीच राहते काय, बाजाराच्या दिवशी राहते काय, सुगीत राहते काय. संगणकाच्या बाबतीत हाच क्रम धरावा. आधी नोंद, मग निदान, मग उपाय. आणि उपाय एका वेळी एकच. दोन-तीन उपाय एकदम केले तर गुण कशाने आला हे कळत नाही, आणि बिघाड परत आला म्हणजे पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते.

आता निळ्या पडद्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याची धास्ती विनाकारण फार आहे. विंडोज या प्रणालीचा एक गाभा असतो व त्याच्या बाहेर आपण वापरतो ते कार्यक्रम चालतात. बाहेरचा कार्यक्रम बिघडला तर तो एकटा बंद होतो. पण गाभ्याच्या आत, किंवा यंत्रभागांना चालविणारे 'ड्रायव्हर' नावाचे जे कार्यक्रम गाभ्यातच वावरतात त्यांच्यात गोंधळ झाला, तर पुढे चालत राहिल्यास साठविलेली माहिती बिघडण्याचा संभव असतो. म्हणून प्रणाली स्वतःच सर्व काम थांबविते आणि थांबण्याचे कारण पडद्यावर लिहिते. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत २०२५ पासून हा पडदा काळा केलेला आहे, अर्थ तोच. त्यावरील इंग्रजी नाव, उदाहरणार्थ 'मेमरी मॅनेजमेंट', जसेच्या तसे उतरून घ्यावे किंवा भ्रमणध्वनीने त्याचे छायाचित्र घ्यावे. पडदा क्षणात नाहीसा होत असेल तर 'सिस्टिम'च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' विभागातील 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडून 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' यापुढील खूण काढावी. म्हणजे पडदा आपण वाचून होईपर्यंत थांबतो.

गाभ्यात शिरलेला एक सदोष भाग केवढा अनर्थ करतो हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-कार्यक्रमाची एक सदोष फाइल त्या दिवशी जगभर वाटली गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे देण्याची पाळी आली. यंत्र पुन्हा सुरू केले की ते पुन्हा त्याच ठिकाणी पडे, कारण सुरू होताना तीच फाइल वाचली जाई. त्यावरचा उपाय फॉरमॅट हा नव्हता. 'सेफ मोड'मध्ये यंत्र उघडून ती एक फाइल काढली की ते पूर्ववत चाले.

वहीत आठ-दहा नोंदी झाल्या की बिघाडाची जात बहुधा ओळखू येते. पडद्यावर काहीही न येता यंत्र दिवा विझावा तसे विझत असेल तर वीज किंवा उष्णता यांवर संशय घ्यावा. दर वेळी एकच नाव दिसत असेल तर एखादा ड्रायव्हर दोषी असण्याचा संभव अधिक. दर वेळी निराळे नाव येत असेल तर रॅम, म्हणजे यंत्राची तात्पुरती स्मृती, तपासावी. आणि चित्र गोठून कॅबिनेटवरील लाल दिवा बराच वेळ एकसारखा पेटून राहत असेल तर हार्डडिस्क थकली आहे असे समजावे. हे आडाखे आहेत, नियम नव्हेत. तरी दहांतील बरेच प्रसंग यांत बसतात.

आपल्याकडे विजेचा व उष्णतेचा भाग सर्वांत मोठा आहे. एप्रिलमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे जातो, वर्गाचे छप्पर पुष्कळदा पत्र्याचे असते, आणि काळ्या मातीची धूळ व खडूची भुकटी यांची आतील पंख्याशी मैत्री लवकर जमते. प्रोसेसर सुमारे १०० अंशांपर्यंत तापला की स्वतःचे रक्षण करण्यासाठी यंत्र बंद पाडतो. म्हणून कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा कपाटाच्या खणात कोंडून ठेवू नये, आणि त्यावर घातलेले भरतकामाचे आच्छादन काम चालू असता काढावेच. (हे आच्छादन प्रेमाने शिवलेले असते, त्यामुळे काढण्यास मन धजत नाही, हे लेखकास ठाऊक आहे.) स्वच्छता करताना प्रथम वायर भिंतीतून काढावी, यंत्राच्या धातूच्या अंगाला हात लावावा, आणि पंखा बोटाने धरून मऊ ब्रशाने धूळ काढावी. वीजपुरवठ्याची पेटी, जिला एसएमपीएस म्हणतात, ती मात्र कदापि उघडू नये. वायर काढल्यावरही तीत धोकादायक वीज साठलेली असते.

दाब २३० व्होल्ट असावयास पाहिजे. शेतीपंप सुरू झाले की तो पुष्कळदा खाली येतो. वहीतील वेळा पंपांच्या वीजपुरवठ्याच्या वेळांशी जुळतात काय ते पाहावे. यूपीएस आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. त्यातील बॅटरी दोन-तीन वर्षांत निकामी होते आणि मग वीज जाताच यंत्रही जाते. भिंतीतील अर्थिंगची तारही कुशल वायरमनकडून एकदा तपासून घ्यावी. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्याच दिवशी काम थांबवावे, कारण मुलांचे हातही तेथे लागतात.

रॅमसाठी एक घरगुती उपाय आहे. तिची पट्टी दोन्ही बाजूंच्या कड्या उघडून बाहेर काढावी, तिच्या कडेचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसावेत, भुगा झटकावा आणि पट्टी खट् आवाज होईपर्यंत परत बसवावी. गुण न आल्यास शोधपट्टीत 'मेमरी डायग्नोस्टिक' टंकून विंडोजची स्वतःची चाचणी लावावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून दोन-दोन दिवस काम करून पाहावे. सदोष पट्टी आपोआप उघडी पडते.

हार्डडिस्कचा संशय येताच दुसरे काहीही करण्यापूर्वी कामाच्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. मगच 'धिस पीसी'मधील सी या भागाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'टूल्स' व त्यातील 'चेक' हे दाबावे. तपासणीचा ताण थकलेल्या डिस्कला सोसत नाही असेही घडते, म्हणून हा क्रम उलटा करू नये.

राहिले ड्रायव्हर व प्रणाली. शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' असे टंकले असता विंडोजने स्वतःच ठेवलेला दैनिक हजेरीपट उघडतो. बिघाडाच्या दिवशी तांबडी फुली असते आणि यंत्राच्या स्थैर्यास एक ते दहा गुण दिलेले असतात. पहिल्या फुलीच्या आदल्या दिवशी कोणता नवा कार्यक्रम किंवा छपाईयंत्राचा ड्रायव्हर बसविला ते तेथेच दिसते; तो काढून पाहावा. दोन विषाणूरोधक कार्यक्रम एकत्र नांदत नाहीत, एकच ठेवावा. यंत्र नीट उघडतच नसेल तर शिफ्टची कळ दाबून धरून 'रिस्टार्ट' करावे, 'ट्रबलशूट'मधून 'स्टार्टअप सेटिंग्ज'पर्यंत जाऊन यंत्र पुन्हा सुरू होताच ४ ही कळ दाबावी. म्हणजे सेफ मोड येतो. तेथे यंत्र शांतपणे चालले तर दोष बहुधा नंतर बसविलेल्या कार्यक्रमांत आहे. तेथेही मिटत असेल तर यंत्रभागांकडे वळावे. एक बारकावा असा की, विंडोज १० व ११ मध्ये 'शट डाउन' केल्याने गाभा बहुधा पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही, 'रिस्टार्ट' केल्याने होतो. कोणत्याही बदलानंतर 'रिस्टार्ट'च करावे.

विंडोज ७ चे साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तेवढ्याने यंत्र मिटू लागत नाही, पण बाहेरून आलेल्या पेन ड्राइव्हची भीती अशा यंत्रांवर अधिक धरावी.

इतके करूनही बिघाड राहिला तर यंत्र तालुक्याच्या ठिकाणी न्यावेच लागेल. नेताना वहीची शेवटची दोन पाने व पडद्याची छायाचित्रे बरोबर द्यावीत, आणि पावतीवर दोन गोष्टी लिहून घ्याव्यात : शाळेस विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये, आणि जो भाग बदलला तो जुना भाग परत द्यावा. यंत्र परत आले की दुरुस्तीची तारीख त्याच वहीत पुढच्या ओळीवर लिहावी.