कमिशन शून्य, मग पैसे गेले कुठे?

अंबड तालुक्यातलं अंकुशनगर हे साखर कारखान्याचं गाव. कर्मयोगी अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला जाहीर भाव आणि खात्यात पडणारा भाव यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) ठरवली. पण कारखान्याचा उतारा पाहून आणि तोडणी-वाहतूक वजा जाऊन खाली जो आकडा उरतो, हिशेब त्याचाच. परकीय चलनाचं गणितही असंच आहे. तरीही याच भागातला माणूस कृषी विभागाच्या परदेश अभ्यास दौऱ्यावर, हज-उमराला किंवा दुबईतल्या मुलाकडे निघाला की काउंटरवर त्याची चौकशी बहुतेकदा ‘कमिशन किती?’ एवढ्यावरच थांबते.

गैरसमज : कमिशन नाही, म्हणजे व्यवहार स्वस्त.

वस्तुस्थिती : चलन विकणाऱ्याची कमाई मुख्यतः दरात असते, कमिशनमध्ये नव्हे. समजा, बाजारात सौदी रियाल २४ रुपयांना आहे. ‘शून्य कमिशन’ची पाटी लावलेला काउंटर तो २५ रुपये २० पैशांना देतो. ५० हजार रुपयांत तिथे साधारण १,९८४ रियाल मिळतील. शेजारचा काउंटर २०० रुपये कमिशन घेतो, पण दर २४ रुपये ४० पैसे लावतो. त्याच्याकडे त्याच रकमेत २,०४१ रियाल हाती पडतात. कमिशन घेणारा ५७ रियालनी, म्हणजे जवळपास चौदाशे रुपयांनी स्वस्त पडला.

म्हणून विचारायचा प्रश्न एकच : सगळं धरून एवढ्या रुपयांत किती रियाल देणार? हाच प्रश्न दोन-तीन ठिकाणी, एकाच दिवशी विचारावा, कारण दर रोज हलतो.

जीएसटीबद्दलही उगाच धास्ती असते. १८ टक्के कर पूर्ण रकमेवर लागत नाही. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का हे करपात्र मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के लावतात. म्हणजे ५० हजारांच्या व्यवहारावर जीएसटी होतो ९० रुपये. व्यवहार अगदी छोटा असला तरी किमान ४५ रुपये लागतात. कराच्या नावाखाली याहून बरीच मोठी रक्कम सांगितली, तर पावती मागून आकडेमोड तपासावी.

गैरसमज : चलन विमानतळावरच घेतलेलं बरं.

वस्तुस्थिती : विमानतळावरच्या गिऱ्हाइकाला दुसरं दुकान गाठायला वेळ नसतो आणि तिथल्या दरात ते दिसतं. प्रवासासाठीचं परकीय चलन ६० दिवस आधीपासून घेता येतं. त्यामुळे जालना किंवा छत्रपती संभाजीनगरला आधीच एक फेरी मारून दर पाहणं परवडतं. फक्त, गावातल्या पतसंस्थेत हे काम होत नाही. परकीय चलन विकण्याची परवानगी रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या बँकांना आणि परवानाधारक मनी चेंजरलाच असते. पासपोर्ट आणि पॅन बरोबर लागतात, आणि व्यवहार ५० हजार रुपयांचा किंवा त्याहून मोठा असेल तर सगळे पैसे रोख न देता चेकने, कार्डाने किंवा खात्यातून द्यावे लागतात.

ओळखीतला कुणी ‘इथे रुपये द्या, तिकडे माझा माणूस दिरहम देईल’ असं सांगत असेल, तर तो हवाला झाला. फेमा या परकीय चलनविषयक कायद्याचा तो भंग आहे, दर कितीही चांगला असला तरी.

गैरसमज : सगळे पैसे रोख नेले की कटकट नाही.

वस्तुस्थिती : बहुतेक देशांसाठी एका प्रवासात तीन हजार डॉलर किंवा तेवढ्या किमतीच्या दुसऱ्या चलनाच्या नोटाच घेता येतात, उरलेलं फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधी परकीय चलन भरून ठेवलेल्या कार्डावर, घ्यावं लागतं. हज आणि उमराला मात्र ही मर्यादा नाही. हज समितीमार्फत जाणाऱ्या यात्रेकरूंना पूर्वी २,१०० रियाल समितीमार्फतच घ्यावे लागत. २०२३ पासून ही सक्ती उठली आणि गरजेपुरतं चलन स्वतः घ्यायची मोकळीक आली. मोकळीक आली तशी दर पाहण्याची जबाबदारीही यात्रेकरूवर आली.

नेपाळ आणि भूतानची गोष्ट वेगळी. तिथे जायला भारतात परकीय चलन दिलंच जात नाही. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून बांधलेला आहे आणि भूतानचा नुल्ट्रम रुपयाच्या बरोबरीचा आहे.

गैरसमज : कुठेही जा, आधी डॉलर घ्या.

वस्तुस्थिती : दुबईला जाणाऱ्याने रुपयांचे डॉलर आणि मग डॉलरचे दिरहम केले, तर बदलणाऱ्याचा नफा दोनदा भरला. दिरहम, रियाल, युरो, पौंड इथेच मिळतात, तेच घ्यावेत. व्हिएतनामच्या डाँगसारखं चलन इथे सहज मिळत नाही. तिथे मात्र डॉलर नेऊन स्थानिक काउंटरवर बदलणं सोयीचं पडतं.

फॉरेक्स कार्डावरही हाच नियम. कार्डात रियाल भरले आणि परतताना दुबईत दिरहममध्ये खर्च केला, तर अनेक कार्डांवर दुसऱ्या चलनात बदलल्याचं साडेतीन टक्क्यांच्या आसपास शुल्क पडतं. ज्या चलनात खर्च होणार, तेच भरलं तर हे कार्ड कामाचं. भरतानाचा दर पक्का होत असल्याने नंतर रुपया घसरला तरी फटका बसत नाही. अर्थात रुपया वधारला तर त्याचा फायदाही मिळत नाही.

गैरसमज : कार्डाचं बिल रुपयांत केलं तर फसवणूक टळते.

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त लोक इथेच गंडतात. दुबईच्या दुकानात कार्ड लावलं की मशीनच्या पडद्यावर दोन पर्याय येतात : ‘२०० दिरहम’ किंवा ‘५,१०० रुपये’. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो आणि बोट आपसूक तिकडे जातं. बाजारात त्या दिवशी दिरहम साडेचोवीस रुपयांना असेल, तर २०० दिरहमचे होतात ४,९००. वरचे २०० रुपये हा मशीनवाल्याने स्वतः ठरवलेल्या दराचा नफा. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. एवढ्यावर संपत नाही. भारतातल्या अनेक बँका परदेशात रुपयांत केलेल्या अशा व्यवहारावर साधारण एक टक्का शुल्क पुन्हा लावतात.

पर्याय समोर आला, दुकानात असो वा एटीएमवर, की स्थानिक चलन निवडावं. एटीएमचा पडदा कधी कधी ‘रूपांतर स्वीकारा’ किंवा ‘नाकारा’ असं विचारतो. नाकारल्यावर पैसे मिळणार नाहीत अशी भीती वाटते, पण पैसे मिळतात. दर तेवढा आपल्या बँकेचा आणि कार्ड कंपनीचा लागतो.

गैरसमज : इथलं कार्ड तिथेही तसंच चालेल.

वस्तुस्थिती : रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी सुरू करून देतात. परदेशातला वापर ॲपवरून किंवा शाखेतून स्वतः चालू करावा लागतो. खात्याशी जोडलेला मोबाइल नंबर परदेशात बंद पडला तर ओटीपी येत नाही, म्हणून हे काम निघण्याआधी उरकलेलं बरं.

बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशी खर्चाला ३.५ टक्के मार्कअप (चलन बदलण्याचं शुल्क) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. एक लाखाच्या खर्चावर हे ४,१३० रुपये. काही कार्डांवर मार्कअप शून्य असतो. ज्याच्याकडे असं कार्ड आहे, त्याला दुकान-हॉटेलचा खर्च बहुधा त्यानेच सर्वांत स्वस्त पडतो. मात्र क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढू नयेत. त्यावर वेगळी फी असते आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं.

डेबिट कार्डाने काढताना मार्कअपशिवाय दर वेळी ठरावीक फी पडते, तिथलं एटीएम स्वतःचं शुल्क वेगळं घेऊ शकतं. चार वेळा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच गरजेपुरते काढलेले बरे.

गैरसमज : आता यूपीआय सगळीकडे चालतं, तेही फुकट.

वस्तुस्थिती : भूतान, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, नेपाळ अशा काही देशांत यूपीआय पोहोचलंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रीलंका आणि मॉरिशसची भर पडली, आणि त्याच महिन्यात फ्रान्समध्ये सुरुवात आयफेल टॉवरपासून झाली. पण ‘देशात चालतं’ म्हणजे ‘प्रत्येक दुकानात चालतं’ असं नाही. ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहाराची सोय आधी चालू करावी लागते, आणि रुपयांचं चलन बदलताना बँकेचं शुल्क लागू शकतं. पिन टाकण्याआधी पडद्यावरचा रुपयांचा आकडा वाचावा.

गैरसमज : परदेशात पैसे नेले की २० टक्के टीसीएस बुडाला.

वस्तुस्थिती : १ एप्रिल २०२५ पासून सहलीसाठी घेतलेल्या चलनावर आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस (उगमस्थानी गोळा होणारा कर) नाही, त्यावरच्या रकमेवर २० टक्के कापतात. कापलेली रक्कम बुडत नाही. ती पॅनवर जमा दिसते आणि विवरणपत्र भरताना प्राप्तिकरात वळती होते किंवा परत मिळते. परदेशात आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्डाने केलेला खर्च २०२३ च्या निर्णयानुसार सध्या या हिशेबात धरत नाहीत.

गैरसमज : उरलेलं चलन पुढच्या वेळेला ठेवून द्यावं.

वस्तुस्थिती : परतल्यापासून १८० दिवसांत ते बँकेत किंवा मनी चेंजरकडे द्यायचं असतं, दोन हजार डॉलरपर्यंतची रक्कम मात्र स्वतःकडे ठेवता येते. परत देताना दर विक्रीचा नव्हे, खरेदीचा मिळतो आणि तो बराच खाली असतो. गरजेपेक्षा जास्त घेतलेल्या रकमेवर असा दोन्हीकडून तोटा होतो. नाणी ठेवायला मर्यादा नाही; पण मनी चेंजर ती सहसा घेत नाहीत, म्हणून चिल्लर तिकडेच चहापाण्यावर संपवलेली बरी.