वाख, पाणी आणि चुना

वेरूळच्या लेण्यांतला मातीचा गिलावा शतकानुशतकं भिंतीला धरून आहे. माती तशी ठिसूळ. ओली असताना हवी तशी मळता येते, पण वाळली की तडकते, आणि एकदा तडा गेला की तो वाढतच जातो. मग हा गिलावा टिकला कसा? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागातले निवृत्त रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि तेव्हा मराठवाडा विद्यापीठात असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये याचं एक उत्तर छापलं. गिलाव्याचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना त्यात भांगेच्या झाडाचे अंश सापडले. अजिंठ्याच्या चित्रांची किड्यांनी जशी नासाडी केली तशी वेरूळला झाली नाही, याचं श्रेयही ते या भांगेलाच देतात.

किड्यांचं राहू द्या, मला जास्त थक्क करतो तो तड्याचा हिशेब. मातीतून सरकत आलेला तडा तंतूपाशी येतो आणि अडखळतो. पुढे जायचं तर तंतू तोडायला हवा, नाहीतर मातीतून उपसून काढायला हवा. त्या ओढाताणीत, त्या घर्षणात तड्याचा जोर खर्च होतो. विमानाच्या पंखातला कार्बनचा तंतूही असंच काम करतो. घराच्या भिंतीसाठी मातीत काड आणि तूस कालवणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना हे नुसत्या हाताच्या अनुभवानं माहीत होतं.

आता तंतूच्या आत डोकावू. बांधावरच्या घायपाताचं पान ठेचून, गर खरवडून, धुऊन वाळवलं की पांढरट वाख हाती येतो. त्याची एक काडी आपल्याला एकच धागा वाटते, पण ती असते शेकडो लांबट पेशींची जुडी, पेक्टिन आणि लिग्निननं चिकटवलेली. प्रत्येक पेशी म्हणजे एक पोकळ नळी. त्या नळीच्या भिंतीत, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही बारीक असे सेल्युलोजचे दोर गोल गोल गुंडाळलेले असतात. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची साखळी. भाकरीतल्या पिठूळ स्टार्चमध्येही हेच ग्लुकोज असतं, फरक फक्त कड्या कशा जोडल्या आहेत एवढाच. एका जोडणीतून पोटात विरघळणारं अन्न होतं, तर दुसरीतून असा स्फटिक, की ताठपणात तो ॲल्युमिनियमच्या जवळजवळ दुप्पट भरतो!

हे दोर कोणत्या कोनात गुंडाळलेत यावर तंतूचा स्वभाव ठरतो. जवसाच्या खोडातल्या तंतूत ते जवळजवळ उभे, दहाएक अंशांच्या आत असतात, म्हणून तो ताठ आणि जेमतेम ताणणारा. नारळाच्या काथ्यात हा कोन पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. काथ्या खेचला की आधी ती गुंडाळी उलगडत जाते, म्हणून तुटण्याआधी तो भरपूर ताणतो. विदर्भात जवस तेलासाठी घेतात. त्याच वनस्पतीच्या उंच वाणांपासून फ्रान्स-बेल्जियममध्ये लिनन निघतं, आणि आता शर्यतीच्या मोटारींचे भागही. २०२० साली मॅक्लारेननं फॉर्म्युला वनच्या चालकासाठी जवसतंतूची बैठक बनवली. हे शक्य झालं, कारण काचतंतूची घनता साधारण २.५, तर जवसाची १.५. वजनाला वजन लावून पाहिलं तर ताठपणात जवस काचेला हार जात नाही.

एवढा दणकट तंतू रेझिनमध्ये किंवा प्लास्टिकमध्ये घालून फळी बनवली, की अपेक्षेपेक्षा कमी का भरते? थोडा दोष आपल्याच हाताचा असतो. खोडातून तंतू काढताना यंत्रात तो चेचला जातो, भिंतीला मुरड पडते, आणि पुढे तो त्याच मुरडीपाशी तुटतो. मोठा दोष मात्र सीमेवर आहे, तंतू आणि प्लास्टिक जिथे टेकतात तिथे. सेल्युलोजच्या अंगभर हायड्रॉक्सिल गट असतात आणि त्यांना पाणी फार प्रिय. पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकला पाण्याचं वावडं. दोघं शेजारी बसतात, पण एकमेकांना धरत नाहीत. भार तंतूपर्यंत पोचतच नाही, तंतू प्लास्टिकमधून अलगद निसटतो. त्यात दमट हवा आली की पावसाळ्यात दार फुगावं तसा तंतू फुगतो, उन्हात आकसतो, आणि दर खेपेला ती सीमा थोडी उकलते. उकललेल्या फटीतून आणखी पाणी आत शिरतं. वनस्पतितंतूंना नुसतं ‘निसर्गाला पूरक’ म्हणून विकणारे या फटीबद्दल बोलत नाहीत, हे मला खटकतं. तीन पावसाळ्यांत भंगारात जाणारी फळी कसली पूरक!

उपाय आहेत, आणि ते फार देखणे आहेत. पहिला दाहक सोड्याचा. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञानं १८५० मध्ये सुती कापडासाठी त्याचं पेटंट घेतलं. वाख सोड्याच्या सौम्य द्रावणात थोडा वेळ बुडवला की वरचं मेण, पेक्टिन आणि पाणी शोषणारं बरंचसं हेमिसेल्युलोज निघून जातं. जुडी सुटी होते, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि रेझिनला पकड मिळते. दुसरा उपाय मध्यस्थाचा, दोन्ही घरांत ऊठबस असलेल्या माणसासारखा. पॉलिप्रोपिलीनच्या साखळीवर मॅलेइक ॲनहायड्राइडचे गट जोडतात. हे गट सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिलशी बंध बांधतात, शेपूट प्लास्टिकमध्ये गुंतून राहतं. मिश्रणात हे थोडंसंच लागतं, तेवढ्यानं फळीची ताकदही वाढते आणि पाणी शोषणंही घटतं.

सोड्याची करामत याहून पुढे जाते. तेव्हा मेरीलँड विद्यापीठात असलेल्या लियांगबिंग हू यांच्या गटानं २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं, की लाकूड दाहक सोडा आणि सोडियम सल्फाइटमध्ये उकळून, लिग्निन अर्धवटच काढून, मग शंभर अंशांवर दाबलं तर जाडी पाचव्या हिश्शावर येते आणि ताकद दहापटीहून अधिक होते. लिग्निन सगळं काढलं तर मात्र हा खेळ फसतो.

तंतू प्लास्टिकऐवजी सिमेंटमध्ये घातला, तर मात्र सोड्यासारखं अल्कलीच त्याचं वैरी होतं. सिमेंट घट्ट होताना चुना सुटतो, आणि त्याच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच १३ च्या घरात जातो. जे द्रावण थोडा वेळ लागलं की तंतू सुधारतं, ते वर्षानुवर्षं लागून राहिलं की त्याचं लिग्निन आणि हेमिसेल्युलोज खाऊन टाकतं. तंतूच्या पोकळीत चुन्याचे स्फटिक साचतात. काथ्या किंवा घायपात घातलेला सिमेंटचा पत्रा पहिल्या वर्षी झकास वाकतो, आणि काही वर्षांनी काडकन मोडतो.

यावर दोन बाजूंनी काम चाललं आहे. एक म्हणजे तंतू आधीच पाण्यात भिजवून वाळवायचा, पुन्हा भिजवायचा, पुन्हा वाळवायचा. दर खेपेला आतले सेल्युलोजचे दोर एकमेकांना इतके बिलगतात, की पुढे पाणी मिळालं तरी तंतू पूर्वीइतका फुगत नाही. दुसरी बाजू चुन्याची. घायपाताचं सर्वांत मोठं उत्पादन घेणाऱ्या ब्राझीलमध्ये संशोधकांनी निम्मं सिमेंट काढून त्याजागी भाजलेली चिकणमाती आणि भाजलेल्या विटांचा चुरा घातला. ही भाजलेली माती मोकळा चुना स्वतःच खाऊन त्याचं दगडासारखं बंधक बनवते, म्हणून तंतूला छळायला चुना उरत नाही. जलद जीर्णतेच्या चाचण्यांत नुसत्या सिमेंटमधले तंतू ठिसूळ झाले, या मिश्रणातले चिवट राहिले. विटांचा हा चुरा म्हणजे आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांची सुरखी. चुन्यात ती कालवून त्यांनी वाडे, विहिरी आणि पाण्याची टाकी बांधली.