हवाई छत्री हातात घेऊन विमानप्रवास

आपल्या स्मरणिकेसाठी दरवर्षी मी मधुमेह किंवा रक्तदाब यांपैकी एखाद्या विषयावर लिहीत आलो आहे. यंदाचा विषय जरा आडवळणाचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून हैदराबादचे विमान सुरू झाले, तरी आपल्या बालाघाटकरांना लांबच्या प्रवासासाठी अजूनही नागपूरच जवळचे वाटते. अशा गावातील एका फिजिशियनने विमानातून हवाई छत्री कशी न्यावी यावर लेख लिहावा, याचे काही वैद्यकबंधूंना हसू येईल. तथापि ज्या प्रसंगाने मला हा विषय शिकविला, तो आपल्या व्यवसायाला इतका जवळचा निघाला की तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझी भाची आकाशउडी घेते. आकाशउडी म्हटली की मराठी माणसाला पुण्याच्या शीतल महाजन आठवतात. २००४ साली उत्तर ध्रुवावर आणि २००६ साली अंटार्क्टिकात त्यांनी उडी घेतली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून त्या विमानातून झेपावल्या. भाचीचा पराक्रम त्यामानाने लहान आहे. सुटी मिळाली की कुठे तरी शिबिर गाठायचे आणि दिवसाला चार उड्या घ्यायच्या, एवढेच. दिवाळीला ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्या पाठीवर एक फुगीर पिशवी होती. ती तिने दिवाणावर अलगद ठेवली आणि घरातील मुलांना हात लावू दिला नाही. आमच्या कंपाउंडरने "डॉक्टरसाहब, ये कौन-सी मशीन है?" असे विचारले, त्यावर तिने जे सांगितले त्यातून मला पहिला धडा मिळाला.

त्या पिशवीत दोन छत्र्या असतात. खालची मुख्य, वरची राखीव. मुख्य छत्रीची घडी उडी घेणारा स्वतः घालतो. राखीव छत्रीची घडी मात्र प्रमाणित कारागीरच घालतो. त्याला रिगर म्हणतात. घडी पूर्ण झाली की तो लाल दोरा बांधून त्यावर शिशाची मोहोर दाबतो आणि सोबतच्या कार्डावर तारीख घालून सही करतो. अमेरिकेच्या नियमानुसार ही घडी १८० दिवस ग्राह्य. त्यानंतर छत्री न वापरताही पुन्हा उघडून, तपासून बांधावी लागते. व्हिसेराच्या बाटलीवरील लाखेची मोहोर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या दोऱ्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मोहोर तुटली की आतील वस्तू चांगली असली तरी तिची ग्वाही संपते.

त्याच पिशवीत एक लहानशी डबी असते. ती उडी घेणाऱ्याची शुद्ध हरपली, खांदा निखळला वा तो गोंधळला, तर राखीव छत्री आपोआप उघडते. जर्मनीच्या एअरटेक कंपनीने १९९१ साली आणलेली सायप्रेस ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. डबीतील संवेदक हवेचा दाब सतत मोजतो. जमिनीपासून सुमारे ७५० फुटांवर, म्हणजे साधारण २२५ मीटरवर, माणूस अजूनही सेकंदाला ३५ मीटरपेक्षा अधिक वेगाने कोसळत असेल, तर एका धातूच्या नळीतील अत्यल्प दारू पेटते, त्या जोराने आतील पाते पुढे सरकते आणि राखीव छत्री मिटून धरणारा दोर कापला जातो. पूर्ण वेगाने पडणाऱ्या माणसाला त्या उंचीवरून जमीन सुमारे चार सेकंदांवर असते. हृदयविकाराच्या रुग्णाच्या छातीत बसवलेला डिफिब्रिलेटर मला यावरून आठवला. तोही वर्षानुवर्षे नुसता पाहत असतो आणि एखाद्या दिवशीच बोलतो.

आता ही पिशवी क्ष-किरण यंत्राखालून जाताना कशी दिसेल, याची कल्पना करा. छत्रीचे नायलॉनचे कापड जवळपास दिसतच नाही. दिसतात त्या धातूच्या कड्या, एक मोठी गुंडाळलेली स्प्रिंग, बॅटरी असलेली डबी, तिच्यातून निघालेली तार आणि त्या तारेच्या टोकाला धातूची नळी. रुग्णाचा पूर्वेतिहास न सांगता कुणी आपल्यासमोर एक्स-रे धरावा आणि निदान मागावे, तशी त्या सुरक्षारक्षकाची अवस्था होते. त्याला संशय आला तर त्याचा दोष नाही. हे ओळखूनच निर्माते डबीबरोबर एक कार्ड देतात. त्यावर अशा पिशवीची क्ष-किरण प्रतिमा छापलेली असते. पेसमेकरवाले आपले रुग्ण विमानतळावर जे कार्ड दाखवतात, त्याचेच हे भावंड.

मग हे सारे खालच्या सामानात का टाकू नये? नियम आड येतो म्हणून नव्हे. अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेने छत्री, डबीसह असो वा डबीविना, हातातील किंवा खालच्या अशा दोन्ही सामानांत मान्य केली आहे. पिशवी उघडावीच लागली तर मालकाने समोर हजर असावे, तिच्यात दुसरे काही भरू नये आणि विमानतळावर नेहमीपेक्षा किमान अर्धा तास आधी यावे, असेही तिने सांगितले आहे. आपल्याकडे मात्र शेवटचा शब्द विमान कंपनीचा आणि तपासणी नाक्यावरील जवानाचा. शिवाय वजनाची अडचण आहे. देशांतर्गत प्रवासात हातातील सामानाला बहुधा ७ किलोंची मर्यादा असते आणि अशी पिशवी १० किलोंच्या आसपास भरते. तरी जाणकार ती हातातच ठेवतात, कारण खालचे सामान कोण उचलतो, कुठे ओलावते, कुणी मालकाच्या माघारी उघडते का, हे कळत नाही. हरवलेल्या कपड्यांची भरपाई मिळते. सांडलेल्या तेलात भिजलेली छत्री कपाटात चांगलीच दिसते आणि हवेत गेल्यावर तिचे खरे रूप कळते.

एक शंका माझ्याही मनात आली होती: विमान उतरताना दाब बदलतो, तेव्हा ही डबी चुकून पेटणार नाही का? गणित सोपे आहे. केबिनमधील दाब मिनिटाला तीनशे ते पाचशे फुटांच्या हिशेबाने बदलतो, म्हणजे सेकंदाला दीड ते अडीच मीटर. डबीला हवेत ३५. तरीही प्रवासात ती बंदच ठेवायची असते. छत्रीच्या गुंतलेल्या दोऱ्या कापण्याचा आकडीसारखा चाकू मात्र हातात चालत नाही. तो खालच्या सामानात टाकावा.

विषय निघालाच आहे तर, आमच्या मंडळातील एका आजोबांनी विचारलेला प्रश्नही घेतो: सगळ्याच प्रवाशांना छत्र्या का देत नाहीत? पस्तीस हजार फुटांवर बाहेरचे तापमान उणे ५० अंशांच्या खाली असते, वेग ताशी ८५० किलोमीटरांहून अधिक, आणि प्राणवायूअभावी अर्ध्या ते एका मिनिटात सारासार विचार थांबतो. केबिनमधील दाबामुळे दारही उघडत नाही. १९७१ साली अमेरिकेत कूपर या नावाने ओळखला जाणारा अपहरणकर्ता २ लाख डॉलर घेऊन बोइंग ७२७ च्या मागच्या जिन्यावरून उडी मारून गेला, तो पुन्हा सापडला नाही. त्यानंतर तो जिना उड्डाणात उघडू नये म्हणून विमानांना खास पट्टी बसवली गेली. मे २००० मध्ये फिलिपीन्समधील एका अपहरणकर्त्याने घरी शिवलेल्या छत्रीने उडी घेतली, तो वाचला नाही. हवाई छत्री पाहून विमानतळावर भुवया उंचावतात, त्यामागे हा इतिहासही आहे.

आता मूळ प्रसंग. भाचीला एका शिबिराला जायचे होते आणि मलाही परिषदेसाठी त्याच शहरी जायचे असल्याने आम्ही एकत्र निघालो. वाटेत विमान बदलायचे होते. वजनाबाबत कंपनीची लेखी परवानगी तिने आधीच काढून ठेवली होती. नागपूरला काही अडले नाही. जवानाने कार्ड पाहिले, पिशवीवरून कापडाची पट्टी फिरवून ती यंत्रात तपासली, "मॅडम, डर नहीं लगता?" असे विचारून जाऊ दिले.

दुसऱ्या विमानतळावर, त्याचे नाव येथे नको, रांग मोठी होती. ड्यूटीवरचा तरुण थकलेला दिसत होता. भाची कार्ड काढत होती, तोवर त्याने पिशवीच्या पट्ट्यावरची धातूची मूठ "हे काय?" म्हणत ओढली. ती राखीव छत्रीची मूठ होती. स्प्रिंगवरची लहान छत्री फटकन उसळून समोरच्या टेबलावर पडली आणि तिच्यामागून पांढरे कापड बाहेर आले. तो बिचारा भाचीपेक्षा अधिक घाबरला. त्याने माफी मागितली, पाणी आणून दिले, कापड आत कोंबायलाही हात लावू लागला. भाचीने शांतपणे सांगितले, "राहू दे, भैया. आता ते कोंबून उपयोग नाही."

विमानात तिने ते बोचके मांडीवर घेतले होते. मी म्हटले, तू इतकी वर्षे उड्या घेतेस, घडी कशी घालतात ते पाहिलेही असशील. शिवाय मुख्य छत्री तर शाबूत आहे. ती म्हणाली, "मामा, ऑपरेशनच्या आधी ड्रमचे झाकण चुकून उघडले, आतली उपकरणे स्वच्छच दिसत आहेत, तर तुमचे सर्जन मित्र ती वापरतील?" यावर मला उत्तर नव्हते. उमेदवारीच्या काळात, रात्री दोन वाजता, दुसरा ड्रम तयार नसताना काय काय वापरले जाई ते मी पाहिले आहे. तेव्हा मी गप्प राहिलो होतो, हेही मला आठवले.

शिबिराच्या गावी रिगर नव्हता. आयोजकांकडे तिच्या मापाची दुसरी पिशवी नव्हती. सहा महिने पैसे साठवून भरलेले शुल्क गेले आणि तीन दिवस ती मैदानावर बसून इतरांच्या उड्या मोजत राहिली. माझी परिषद संपल्यावर मी तिला भेटायला गेलो तेव्हा ती नवशिक्यांना मुख्य छत्रीची घडी घालायला मदत करीत होती.

तेव्हापासून प्रवासाला निघणाऱ्या माझ्या रुग्णांशी मी पाच मिनिटे अधिक बोलतो. इन्सुलिन, जिभेखाली ठेवायची गोळी आणि दम्याचा पंप यांतील काहीही खालच्या सामानात टाकू देत नाही. इन्सुलिन गोठले तर निकामी होते आणि बॅग भलत्या गावी गेली तर गोळीही तिच्याबरोबर जाते. औषधे मूळ वेष्टनात असावीत आणि सोबत चिठ्ठी असावी. पेसमेकरवाल्यांनी कार्ड पाकिटात नव्हे, खिशात ठेवावे आणि हातातील तपासणी यंत्र छातीवर फार वेळ धरू देऊ नये. गेल्या महिन्यात लालबर्रा भागातील एका आजींनी चिठ्ठी घेतली आणि ती लुगड्याच्या गाठीत बांधली, तेव्हा हातात असावे ते हातात म्हणजे काय, हे त्यांना माझ्याहून बरे कळले असे वाटले.

भाची पुढच्या खेपेला आली तेव्हा आमच्या कंपाउंडरने दवाखान्याच्या जाड पुठ्ठ्यावर लाल शाईने एक पाटी लिहून ठेवली होती. एका बाजूस मराठीत, दुसऱ्या बाजूस हिंदीत: ही मूठ ओढू नये. आता ती प्रवासभर त्या मुठीला दोऱ्याने बांधलेली असते, आणि उडीच्या आधी ती काढून भाची खिशात ठेवते.