बुद्धिबळाला पैसा कोण देतो आणि कशासाठी

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलू, अशी त्यांची समजूत होती. आम्ही बुद्धिबळाचे नाव काढताच एकाने ‘तुम्ही आणि बुद्धिबळ?’ असे विचारलेच. प्रश्न रास्त आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. बुद्धिबळ शिकलो ते यंत्रमागाच्या शेडमध्ये, वीज गेली की सुताच्या रिकाम्या खोक्यावर खडूने पट आखून. खेळ आजही बेताचाच येतो. परंतु पैसा कोणाच्या हातून कोणाच्या हाती जातो आणि जाताना कोणत्या अटी बरोबर नेतो, हे पाहण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत. आणि बुद्धिबळाकडे आमचे लक्ष वळले तेही त्याच वाटेने.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या पेठेत कांडी भरणाऱ्या एका बाईचा मुलगा जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिला आला आणि राज्य स्पर्धेसाठी निवडला गेला. वय अकरा. गावातल्या एका धर्मादाय संस्थेने मोठ्या मनाने प्रवेश फी भरली, संस्थेचे नाव छापलेला लाकडी पट दिला, सत्कार केला, वर्तमानपत्रात फोटो आला. दुसऱ्या दिवशी ती बाई युनियनच्या कचेरीत आली आणि म्हणाली, ‘‘भाऊ, पोराची फी भरली, लई उपकार झाले. पर त्याच्यासंगं कुणीतरी जायला पाहिजे. माझं सात दिवस खाडं पडत्यात, त्ये कोण भरणार?’’

आम्ही कागदावर हिशेब मांडला. प्रवेश फी पंधराशे. दोघांचे जाणे-येणे, राहणे, जेवण मिळून साडेचार हजारांच्या घरात. आणि सात खाड्यांची मजुरी साधारण अडीच हजार. म्हणजे ज्या रकमेचा सत्कार झाला ती एकंदर खर्चाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. आणि सर्वांत जड जो आकडा, मजुरीचा, तो कोणत्याही मदतीच्या अर्जात मागण्याची सोयच नव्हती. फी, पट, चषक, हॉलचे भाडे यांना दाता मिळतो. खेळणाऱ्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या वेळेला मिळत नाही. असे का, याचा शोध घेण्यासाठी आम्ही ग्रंथालयात बसू लागलो, आणि लक्षात आले की हे कोडे चांगले पावणेदोनशे वर्षांचे आहे.

आंतरराष्ट्रीय म्हणता येईल अशी पहिली मोठी स्पर्धा लंडनला १८५१ साली झाली. तिथे त्या वेळी जगातल्या मालाचे मोठे प्रदर्शन भरले होते, त्याचा मुहूर्त साधून हॉवर्ड स्टाँटन या इंग्रज खेळाडूने ती भरवली. पैसा उभा केला वर्गणीने. जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ गावचा गणिताचा शिक्षक आन्डरसेन याला बोलावणे गेले, तर त्याच्यापुढे प्रश्न उभा राहिला प्रवासखर्चाचा. शिक्षकाच्या पगारात लंडन कसे परवडणार? तेव्हा स्टाँटनने कबूल केले की बक्षीस न मिळाल्यास तुमचा प्रवासखर्च मी पदरचा देईन. आन्डरसेन आला आणि पहिला आला. आमची बाई आणि हा मास्तर यांच्यात फरक एवढाच की त्याला खर्चाची हमी देणारा माणूस वेळेवर भेटला.

पुढे जगज्जेतेपदाचे सामने सुरू झाले. त्यांतही खेळाआधी पैसा. १९२२ साली कापाब्लांकाच्या पुढाकाराने नियम ठरले की आव्हान देणाऱ्याने निदान दहा हजार डॉलरांची थैली उभी करावी. नीमझोविचसारख्या थोर खेळाडूला ती उभी करता आली नाही. अलेखिनच्या मागे अर्जेंटिनाची मंडळी उभी राहिली म्हणून १९२७ साली ब्युनोस आयरिसला सामना झाला आणि तो जिंकला. म्हणजे जगज्जेत्यासमोर कोण बसणार हे पटावर ठरण्याआधी दिवाणखान्यात ठरत असे.

पण आश्रय म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने मीर सुलतान खान याचे चरित्र वाचावे. पंजाबातल्या मिठा तिवाना गावचा हा खेळाडू. देशी पद्धतीचे बुद्धिबळ, म्हणजे ज्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते, ते तो बापाकडून शिकला. सर उमर हयात खान या मोठ्या जहागीरदाराने त्याला आपल्या पदरी ठेवले, त्याला विलायती नियम शिकवण्याची व्यवस्था केली, आणि १९२९ साली आपल्याबरोबर लंडनला नेले. त्याच उन्हाळ्यात सुलतान खान ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकला. १९३२ आणि १९३३ साली पुन्हा जिंकला. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याने साक्षात कापाब्लांकाला हरवले. तीन ऑलिंपियाडांत तो इंग्लंडच्या संघात पहिल्या पटावर बसला. एवढ्या थोड्या काळात एवढी मजल क्वचितच कोणी मारली असेल.

आणि मग १९३३ साल संपता संपता जहागीरदारसाहेब हिंदुस्थानात परतले, त्यांच्याबरोबर सुलतान खानही परतला, आणि युरोपातल्या स्पर्धांतून त्याचे नाव पुसले गेले. १९३५ साली आमच्या महाराष्ट्राच्या खाडिलकरांशी त्याचा दहा डावांचा सामना झाला; खाडिलकरांना एक डाव बरोबरीत सोडवता आला, बाकीचे नऊ सुलतान खानाने जिंकले. हात गेला नव्हता, हे यावरून कळते. पण पुढे काय? ग्रँडमास्टर हा किताब जागतिक संघटनेने १९५० साली सुरू केला, त्या यादीत त्याचे नाव नव्हते. १९६६ साली तो सरगोध्याला वारला. किताब मिळाला २०२४ साली, तोही मानद, मरणानंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

रूबेन फाइन या अमेरिकन खेळाडूने लिहून ठेवले आहे की जहागीरदारांच्या लंडनच्या घरी अमेरिकन संघाला जेवायला बोलावले असता ताटे वाढायला सुलतान खान स्वतः होता. तो नोकर होता हे त्याच्या घरच्या मंडळींना मान्य नाही, आणि त्यांचा शब्द आम्ही फाइनच्या शब्दाइतकाच मानतो. आमच्या मुद्द्याला त्याने फरक पडत नाही. नोकर असो की मानाचा पाहुणा, बोट कधी सुटणार हे ठरवणारा दुसराच होता. जहागीरदाराने वाईट केले असे आम्ही म्हणत नाही. त्याच्याविना सुलतान खान लंडन पाहता ना. पण त्याच्या आश्रयाला मुदत नव्हती, लेखी अट नव्हती, आणि तो संपल्यावर खेळाडूच्या हाती काही उरेल अशी तजवीज नव्हती. कारखान्यात आम्ही याला मर्जीची नोकरी म्हणतो.

कोणी म्हणेल, जहागीरदार नको तर सरकार हवे. मॉस्कोला १९२५ साली सरकारी खर्चाने मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि पुढे सोव्हिएत देशात कामगार संघांच्या क्लबांतून लाखो लोक खेळू लागले, याचे आम्हांला, युनियनवाले म्हणून, कौतुक आहेच. पण ज्या क्रिलेंकोने हे सारे उभारले त्यालाच १९३८ साली त्याच सरकारने गोळी घातली. आणि १९७४ साली कार्पोवशी हरल्यावर कोर्चनॉय नको ते बोलला, तेव्हा त्याचे परदेशी जाणे रोखण्यात आले. तेव्हा सरकारचीही मर्जी असते, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

आता कायद्याकडे. बुद्धिबळाला दिलेला पैसा हा धर्मादाय म्हणावा की नाही? इंग्लंडात पोर्ट्‌समथ शहरातल्या एकवीस वर्षांखालच्या मुलांसाठी दरसाल बुद्धिबळाची स्पर्धा भरवावी म्हणून एका गृहस्थाने निधी ठेवला. प्रकरण कोर्टात गेले. १९४४ साली न्यायमूर्ती व्हेझी यांनी निकाल दिला की मुलांच्या बाबतीत हे शिक्षणच आहे, म्हणून दान धर्मादाय. मात्र त्यांचे पाऊल अडखळले होते. आज बुद्धिबळ मानले तर उद्या सोंगट्या, परवा पत्ते, आणि शेवटी तिकिटे नि पक्ष्यांची अंडी जमवणेही शिक्षण ठरेल की काय, अशी शंका त्यांनी बोलून दाखवली. तिथल्या २००६ च्या कायद्याने बौद्धिक कौशल्याचे खेळही स्पष्टपणे आत घेतले. निकाल चांगलाच आहे. पण त्यात एक गोष्ट मुरली ती अशी, की दान शिकण्यासाठी, स्पर्धेसाठी. खेळून पोट भरणाऱ्यासाठी नव्हे. आपल्याकडेही तेच. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयास लावले, त्या कामांच्या यादीत खेळ आहेत, पण शब्द आहे ‘प्रशिक्षण’. प्रशिक्षकाचे बिल त्यात बसते. आईचा खाडा बसवायचा म्हणजे हिशेबनिसाला घाम फुटतो.

दात्यांनी दुसऱ्या रीतीने दिलेलेही आहे, तेही सांगितले पाहिजे. जिम स्लेटर हा लंडनचा शेअरबाजारातला धनिक. १९७२ साली फिशर रेक्याविकला येण्यास का-कू करू लागला तेव्हा याने पन्नास हजार पौंड घालून बक्षिसाची रक्कम दुप्पट केली, हे जगजाहीर आहे. आम्हांला त्याची दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्याने आधीच जाहीर करून टाकले की जो पहिला इंग्रज ग्रँडमास्टर होईल त्याला पाच हजार पौंड. १९७५ साली स्लेटर आपल्या कंपनीतून पायउतार झाला, तिला सावरायला बँक ऑफ इंग्लंडला धावावे लागले. पण १९७६ साली टोनी माइल्स ग्रँडमास्टर झाला तेव्हा त्याला ठरलेली रक्कम मिळाली. शब्द चारचौघांत दिलेला होता, मर्जी फिरायला जागा नव्हती. अमेरिकेतली सॅमफर्ड शिष्यवृत्ती, जी १९८७ पासून होतकरू तरुण खेळाडूला दिली जाते, ती याही पुढची. तिच्यात शिकवणीबरोबर राहण्याजेवण्याचा खर्चही धरलेला आहे. खेळाडूला पोट असते, हे तिथे कोणाच्या तरी ध्यानात आले.

आणि एक उदाहरण तर आमच्या जिव्हाळ्याचे. हॉलंडमध्ये हूगोव्हन्स नावाचा पोलादाचा कारखाना होता. तिथे १९३८ साली कारखान्याच्या छत्राखाली बेव्हरविक गावी एक छोटी स्पर्धा सुरू झाली. महायुद्धानंतर १९४६ साली परदेशी खेळाडू आले, तेव्हा अन्नाची टंचाई, म्हणून मेजवानीला वाटाण्याचे सार केले; ते सार तिथे पुढे परंपरेने चालत आले. १९६८ पासून स्पर्धा शेजारच्या वाइक आन झे या गावी होते. कारखान्याचे मालक बदलले. २००७ साली तो टाटांकडे आला, आणि २०११ पासून स्पर्धेलाही टाटांचे नाव आहे. जगातले पहिल्या रांगेतले खेळाडू तिथे खेळतात आणि त्याच दालनात शेकडो हौशी लोकही आपापले डाव मांडून बसतात. धनी बदलले तरी स्पर्धा बुडाली नाही, कारण ती एका माणसाच्या खिशात नव्हती. आपल्याकडे सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा वर्षानुवर्षे चालवल्या त्याही गावाच्या बळावर. पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झालेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे त्याच गावच्या.

आज दिवस चांगले आहेत. २०२४ साली गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला, २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक आणला. आम्हीही पेढे वाटले. पण वाटता वाटता एक हिशेब डोक्यात आला. गुकेशचे वडील कान-नाक-घशाचे शल्यवैद्य. मुलाबरोबर हिंडता यावे म्हणून त्यांनी धंदा बंद ठेवला, घर आईच्या पगारावर चालले, स्नेह्यांनी पैसे उभे केले. दिव्याचे आईवडील दोघेही डॉक्टर. प्रज्ञानंदचे वडील बँकेत नोकरीला, म्हणून आई त्याच्याबरोबर देशोदेशी जाऊ शकली. या आईबापांचा त्याग लहान नाही, उलट फार मोठा आहे. पण त्यांच्या घरात एकाचा खाडा दुसऱ्याला भरून काढता आला. ज्या घरात दोघांचाही पगार आठवड्याच्या बाजारालाच संपतो तिथला मुलगा या यादीत कसा येणार?

आमच्या पेठेतल्या त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगतो. राज्य स्पर्धेला तो जाऊन आला. पैसे आम्ही पालीपालीत वर्गणी करून जमवले. दुसऱ्या वर्षी संस्थेने तिच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला त्याने पाहुण्यांबरोबर डाव मांडून बसावे असा निरोप धाडला. नेमकी त्याच दिवशी दुसरीकडे स्पर्धेची शेवटची फेरी होती. मुलगा खेळायला गेला. त्यानंतर संस्थेची मदत आली नाही. कारण कोणी सांगितले नाही, आम्ही विचारलेही नाही. विचारायला हक्क कोणता होता? त्यांची संस्था आम्ही वाईट म्हणत नाही, तिच्या दवाखान्यात आमचीच माणसे जातात.

मग युनियनने स्वतःची पेटी केली. माणशी महिन्याला दहा रुपये. नियम एका पानावर मराठीत टाइप करून कचेरीच्या दारावर लावले: कोणाला मिळेल, किती मिळेल, किती वर्षे मिळेल, आणि मिळाल्याबद्दल कोणत्याही समारंभास हजर राहण्याचे बंधन नाही. पहिला खर्च खाड्याचा, मग प्रवासाचा, फी सर्वांत शेवटी, कारण फीला दाता मिळतो. पेटी लहान आहे. सालात दोन घरांना पुरते, फार तर तीन. तो मुलगा पंधराव्या वर्षापर्यंत खेळला, मग आयटीआयला गेला. रविवारी आता पेठेतल्या पोरांना शिकवतो. ग्रँडमास्टर आमच्याकडे झालेला नाही.

मागच्या मे महिन्यात एका जॉबरच्या मुलीसाठी पेटीतून पैसे दिले. खजिनदार अण्णांनी पावती फाडली आणि ‘कारण’ या रकान्यापाशी थांबून विचारले, इथे मदत लिहू की देणगी? मुलीचा बाप समोर उभा होता, त्याच्याकडे एकदा पाहून आम्ही सांगितले, ‘‘मजुरी लिहा. दिवस पाच.’’