डाग कॅमेऱ्याचा, आकाशाचा की संगणकाचा?

मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांजवळ नुसत्या डोळ्यांना धूसर ठिपक्यासारखा दिसणारा एम ४२ हा तेजोमेघ पृथ्वीपासून सुमारे १,३४० प्रकाशवर्षे दूर असून, अनेक हौशी आकाशनिरीक्षकांच्या छायाचित्रणाचा आरंभ त्याच्यापासूनच होतो. हेन्री ड्रेपर या अमेरिकी निरीक्षकाने ३० सप्टेंबर १८८० रोजी त्याचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा एकाच काचपट्टीवर सुमारे ५० मिनिटे प्रकाश साठवावा लागला. आजचा छायाचित्रकार त्याऐवजी अनेक लहान एक्स्पोजर घेतो, संगणकावर ती ताऱ्यांच्या आधारे एकमेकांवर नेमकी बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. या क्रियेला स्टॅकिंग म्हणतात. सरासरीत तेजोमेघाचा प्रकाश टिकून राहतो, तर प्रत्येक फ्रेममध्ये स्वैरपणे बदलणारा दाणेदारपणा, म्हणजेच नॉइज, फ्रेमसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे १६ फ्रेमच्या सरासरीत तो एका फ्रेमच्या तुलनेत एक चतुर्थांश उरतो.

मात्र जे स्वैर नाही, ते सरासरीने नाहीसे होत नाही. अंतिम चित्रात दिसणारी वर्तुळे, पट्टे, उजळलेले कोपरे किंवा ताऱ्यांभोवतीची काळी कडी यांवर नवशिका चित्र जेथे बिघडलेले दिसते तेथेच, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर, उपाय शोधू लागतो. दोषाचा उगम मात्र बहुतेक वेळा बराच आधी झालेला असतो. म्हणून पहिला प्रश्न दोष कॅमेऱ्यासोबत राहतो की आकाशासोबत बदलतो, हा असावा. ताऱ्यांवर न बसवलेल्या मूळ फ्रेम एकामागून एक पाहिल्या असता जो डाग संवेदकाच्या, म्हणजे सेन्सरच्या, त्याच बिंदूवर स्थिर राहतो तो उपकरणाचा. जो तासागणिक दिशा किंवा तीव्रता बदलतो तो आकाशाचा. आणि जो मूळ फ्रेममध्ये व स्टॅकमध्ये, पडद्यापुरते उजळून पाहिले तरी, आढळत नाही तो संस्करणाचा.

उपकरणाच्या दोषांवर कॅलिब्रेशन फ्रेम हा उपाय असतो. दुर्बिणीचे तोंड झाकून, मूळ फ्रेमइतक्याच वेळाच्या व तापमानाच्या घेतलेल्या डार्क फ्रेममध्ये संवेदकाच्या उष्णतेमुळे निर्माण होणारा संकेत नोंदला जातो. शक्य तितक्या कमी वेळाच्या बायस फ्रेममध्ये कॅमेरा प्रत्येक पिक्सेलच्या मूल्यात मिळवत असलेली स्थिर संख्या कळते. आणि एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फ्लॅट फ्रेममध्ये कडांकडील अंधार व धुळीच्या कणांच्या वर्तुळाकार छाया उमटतात. डार्क व बायस वजा करायच्या असतात आणि फ्लॅटने भागायचे असते. उष्णतेचा संकेत साधारण दर ६ अंश सेल्सिअसला दुप्पट होत असल्याने, शीतकरण नसलेल्या कॅमेऱ्याच्या दुपारी घरात घेतलेल्या डार्क फ्रेम थंड रात्रीच्या चित्राला लागू पडत नाहीत.

वजाबाकी चुकली की भागाकारही फसतो. समजा, आकाशाचा प्रकाश मध्यभागी १,००० एकक नोंदला जातो, कोपऱ्यात त्याच्या निम्मा, म्हणजे ५०० एकक पोहोचतो, आणि कॅमेरा दोन्हींत ५०० ही स्थिर संख्या मिळवतो. ती वजा न करता फ्लॅटने भागले, तर मध्यभागी १,५०० आणि कोपऱ्यात २,००० असे उत्तर येते, म्हणजेच कोपरे मध्यापेक्षा उजळ होतात. उलट स्थिर संख्या फ्लॅटमधून काढायची राहिली, तर कोपरे किंचित काळे उरतात. चारही कोपरे सारखेच उजळले असतील तर प्रथम या वजाबाकीची तपासणी करणे उचित ठरते. धुळीच्या वर्तुळाशेजारी तेवढेच दुसरे वर्तुळ उठाव आल्यासारखे दिसत असेल, तर मूळ फ्रेम व फ्लॅट यांच्या दरम्यान कॅमेरा फिरला किंवा धूळ सरकली, असे समजावे.

संपूर्ण चित्रभर एकाच दिशेने पावसाच्या सरींसारख्या तिरप्या रेघा दिसणे हाही संवेदकाचाच दोष होय. दुर्बिणीचा रोख रात्रभरात हळूहळू सरकत गेल्याने, फ्रेम ताऱ्यांवर जुळवताना संवेदकाचे सदोष पिक्सेल मात्र त्या दिशेने ओळीत पसरतात. दर काही फ्रेमनंतर रोख मुद्दाम थोडा, वेगवेगळ्या दिशांना हलवणे, म्हणजे डिदरिंग, हा त्यावरील खरा उपाय आहे. कारण मग सदोष पिक्सेल दर वेळी आकाशाच्या वेगळ्या बिंदूवर पडतो आणि सरासरीपासून फार दूर गेलेली मूल्ये गाळणारी सिग्मा क्लिपिंग ही पद्धत त्याला वगळू शकते. उपग्रहांच्या व विमानांच्या रेघाही याच पद्धतीने जातात, मात्र फ्रेम मोजक्याच असतील तर अपवाद कोणता हे गणिताला ठरवता येत नाही.

आकाशाच्या दोषांत प्रमुख आहे तो शहरी दिव्यांचा किंवा चंद्राचा एका बाजूने वाढत जाणारा उजेड. मुंबई-पुण्याच्या आकाशात तो टाळणे कठीण असून, २०२४ मध्ये भारतातील पहिले आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क ठरलेल्या महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पासारखी ठिकाणे मोजकीच आहेत. सिरिल या मोफत किंवा पिक्सइनसाइट या सशुल्क प्रणालीत रिकाम्या आकाशावर नमुनाबिंदू ठेवून पार्श्वभूमीचे प्रारूप तयार करता येते व ते वजा करता येते. बिंदू तेजोमेघाच्या पुसट कडांवर पडले, तर प्रणाली तो प्रकाशही प्रदूषण समजते आणि तेजोमेघाभोवती काळे खळगे निर्माण होतात. ही वजाबाकी रंगसंतुलनाच्या व स्ट्रेचिंगच्या आधी करावी लागते, कारण तोपर्यंतच पिक्सेलची मूल्ये प्रकाशाच्या सम प्रमाणात असतात.

स्ट्रेचिंग म्हणजे पुसट मूल्ये डोळ्यांना दिसतील इतकी उचलणे, आणि संगणकावर जन्मणारे पुष्कळ दोष येथे सुरू होतात. पार्श्वभूमी काळीभोर करण्याच्या हौसेने काळा बिंदू फार पुढे सरकवला की तेजोमेघाचे बाह्य पदर कापले जातात, आणि एकाच फटक्यात जास्त उजळले की तारे फुगून पांढरे होतात. ताऱ्यांभोवतीची काळी कडी हे प्रतिमा धारदार करणाऱ्या डीकन्व्होल्यूशन या क्रियेच्या अतिरेकाचे लक्षण असते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने नॉइजमधूनही तंतूसारखी रचना घडवू शकतात, म्हणून जो तपशील मूळ स्टॅकमध्ये दाखवता येत नाही तो आकाशातला मानू नये.

एम ४२चा गाभा पांढरा पडला असेल, तर दोषाच्या उगमाचे महत्त्व विशेष स्पष्ट होते. १४ बिटच्या कॅमेऱ्यात पिक्सेलचे कमाल मूल्य १६,३८३ असते. मूळ फ्रेममध्ये गाभ्याची मूल्ये त्याखाली असतील तर सौम्य स्ट्रेचिंगने तपशील परत मिळतो, पण ती कमाल पातळीला टेकली असतील तर तेथे माहितीच नोंदली गेलेली नसते, आणि काही सेकंदांची वेगळी एक्स्पोजर घेऊन ती जोडण्यावाचून मार्ग उरत नाही. संस्करणातील चूक मूळ फाइली जपून ठेवल्या असतील तर एका संध्याकाळीत सुधारते आणि कॅलिब्रेशनमधील बरीचशी चूक नव्या फ्लॅट-डार्कने भरून निघते. पण जळालेल्या गाभ्यासाठी पुन्हा मोकळे आकाश लागते. महाराष्ट्रात मृग नक्षत्र मे महिन्यात संधिप्रकाशात बुडते आणि त्यामागोमाग पावसाळा येतो, त्यामुळे ही चूक उन्हाळ्याच्या तोंडावर ध्यानात आली तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबावे लागते. पहिली फ्रेम घेताच तिच्यातील सर्वांत उजळ पिक्सेलचे मूल्य तेथेच पाहून घेणे, ही म्हणूनच संस्करणाची पहिली पायरी मानली पाहिजे.