किताब कुणाला? लढवय्याला की राबणाऱ्याला?

कुडतोजी गुजर 'प्रतापराव' झाले, हंसाजी मोहिते 'हंबीरराव'. पराक्रमाला किताब, ही आपली जुनी स्टाइल! तिकडे अमेरिकेत वीकेंडला चिलखत चढवून मध्ययुग जगणारी मंडळी आहेत: 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अॅनाक्रॉनिझम', जन्म १९६६, बर्कली. तिथे सर्वोच्च मान आधी लढणाऱ्यांनाच. मग १९६८मध्ये 'लॉरेल' आला, कला-कारागिरीत तरबेज असणाऱ्यांसाठी. १९७२मध्ये 'पेलिकन', पडद्यामागे राबणाऱ्यांसाठी. आणि दर्जा? तिघांचाही सारखाच! आता सांगा, वाशीम असो की पुणे, शिवजयंतीच्या मिरवणुकीत घोड्यावरच्या मावळ्याला हार पडतो. पण रात्री मंडप आवरणाऱ्याचं नाव माईकवर कधी घेतलंत? यंदा घ्याच!