तीस वादकांचे पथक : ढोल-ताशातील संख्या, स्पर्धा आणि परीक्षण

बीजशब्द : ढोल-ताशा पथक, निगडी, ज्ञान प्रबोधिनी, ड्रम-बिगुल पथके, ताशा, ध्वनिमर्यादा

प्रस्तावना

राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे येथील खंडपीठाने ३० ऑगस्ट २०२४ रोजी गणेशोत्सवातील ध्वनिप्रदूषणासंबंधी आदेश दिला. त्यात ढोल-ताशा-झांज पथकातील वादकांची संख्या ३० पेक्षा अधिक असू नये, असे बंधन होते. १२ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने या बंधनास स्थगिती दिली आणि १७ सप्टेंबरची अनंत चतुर्दशी संख्यामर्यादेविना पार पडली. वादाचा तात्कालिक भाग तेथे मिटला. तथापि एका वाद्यवृंदात किती वादक असावेत, हा मुळात संगीताचा प्रश्न न्यायाधिकरणापुढे जाण्याची वेळ का यावी, हा मुद्दा शिल्लक राहिला. अमेरिकेतील ड्रम-बिगुल पथकांनी वादकसंख्येची मर्यादा स्वतःच स्वीकारली. तिचे कारण गोंगाट नसून स्पर्धा हे होते. प्रस्तुत लेखात या दोन परंपरांची तुलना निगडी-पुणे परिसराच्या संदर्भात केली आहे.

पथकाची घडण

पुण्यातील आजचे ढोल-ताशा पथक प्राचीन आहे असा सार्वत्रिक समज असला, तरी त्याचे सध्याचे रूप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे. ढोल, ताशा, सनई, चौघडा, हलगी ही वाद्ये जुनी; मात्र एकसारख्या वेशातील विद्यार्थ्यांनी शिस्तबद्ध रांगांत ती वाजविणे ही शाळांची देणगी होय. १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेली ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग आणि विमलाबाई गरवारे प्रशाला यांची नावे या संदर्भात प्रामुख्याने घेतली जातात. प्रबोधिनीने ढोल-ताशाला बरचीची जोड दिली. हातातील काठीच्या तालावर करावयाचा हा नृत्यप्रकार तिच्या पथकांची ओळख ठरला.

निगडीतील प्राधिकरणात याच संस्थेचे नवनगर विद्यालय आहे. ज्या वस्तीत ते उभे आहे ती १९७२ साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने आखली. कारखान्यांच्या निमित्ताने अनेक जिल्ह्यांतून येथे कुटुंबे आली. अशा नव्या वस्तीला स्वतःचे मानाचे गणपती नसतात आणि पिढीजात वाजंत्र्यांची घरेही नसतात. तेथे ज्यात कोणालाही सामील होता येते असे शिकाऊ पथक हेच उत्सवाचे सोयीचे वाद्य ठरते. (निगडीवरून जाणारी दुसरी मोठी नादपरंपरा मात्र शतकांची आहे. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या मुक्कामी जाते ती निगडीतूनच, टाळ-मृदंगाच्या साथीने. तेथे दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो, चढाओढ नसते.)

पथकाची रचना वरवर साधी वाटते. ढोल कमरेला बांधलेला. एका पानावर हाताची थाप, दुसऱ्यावर टिपरू. ताशा गळ्यात, दोन बारीक काड्यांनी वाजणारा. काळ धरून ठेवणारा टोल आणि सोबत झांजा. ताशेवाले सहसा ढोलांच्या दोन बाजूंच्या रांगांच्या मध्ये असतात आणि ठेका बदलण्याची सूचना त्यांच्याकडूनच येते. म्हणजे ढोल संख्येने कितीही वाढले तरी नेतृत्व ताशाचेच राहते. चांगला ताशेवाला घडण्यास वर्षे लागतात. ढोलकरी पावसाळ्यातील दीड-दोन महिन्यांच्या सरावात मिरवणुकीपुरता तयार होतो. पथकांची वाढ ढोलांच्या बाजूने झाली यात म्हणूनच नवल नाही.

बिगुल आणि गुणपत्रिका

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत माजी सैनिकांच्या संघटनांनी गावोगावी ढोल आणि बिगुल यांची पथके उभी केली. अमेरिकन लीजन या संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा १९२१ साली कॅन्सस सिटी येथे झाली. पुढे स्काउटच्या तुकड्या आणि चर्च यांनीही मुलांची पथके काढली. शिकागोचे ‘कॅव्हेलियर्स’ हे नामांकित पथक १९४८ साली स्काउटच्या तुकडीतूनच निघाले. प्रौढ संघटनांच्या नियमांना कंटाळून पथकांनी पुढे स्वतःची संस्था काढली. ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे झाली आणि ती अनाहाइम किंग्जमेन या पथकाने जिंकली.

या स्पर्धांचा इतिहास हा बऱ्याच अंशी निर्बंधांचा इतिहास आहे. लष्करी बिगुलाला झडप नसते. त्यामुळे त्यावर मोजकेच स्वर निघतात आणि पूर्ण सप्तक वाजत नाही. नियमपुस्तिकेने हा दोष हळूहळू, जणू नाइलाजाने, दूर होऊ दिला. दोन झडपांच्या बिगुलास १९७७ साली, तीन झडपांच्या बिगुलास १९९० साली मान्यता मिळाली, आणि २००० सालापासून कोणत्याही पट्टीतील पितळी वाद्य चालू लागले. ध्वनिवर्धकास २००४ साली परवानगी मिळाली तेव्हा जुन्या वादकांनी कडाडून विरोध केला. बासरी-क्लॅरिनेटसारख्या वाद्यांना मात्र या पथकांत स्थान मिळालेले नाही.

गुणदानाची पद्धत अधिक उद्बोधक आहे. सुरुवातीच्या दशकांत परीक्षक पथकाच्या रांगांतून हिंडत आणि प्रत्येक चुकीला कागदावर एक खूण करीत. एका खुणेला गुणाचा दहावा भाग वजा होई. या पद्धतीमुळे वादन कमालीचे स्वच्छ झाले, पण धाडस आटले, कारण अवघड रचना घेणाऱ्याच्याच चुका अधिक होणार हे उघड होते. १९८४ साली ती पद्धत संपुष्टात आली आणि काय साधले याचे गुण देण्यास सुरुवात झाली. १०० पैकी आजवरचे सर्वोच्च गुण ९९.६५ असून ते २०१४ साली ‘ब्लू डेव्हिल्स’ या पथकाने मिळविले. १९४० साली स्थापन झालेल्या ‘बॉस्टन क्रुसेडर्स’ला पहिले अजिंक्यपद मिळण्यास २०२५ साल उजाडावे लागले.

या सगळ्याच्या मुळाशी संख्येची मर्यादा होती. पथकात १२८ जणच असावेत असा नियम दीर्घकाळ होता. पुढे तो टप्प्याटप्प्याने शिथिल होऊन संख्या १५० च्या पुढे गेली. सगळ्यांची संख्या बांधलेली असल्याने जिंकण्यासाठी माणसे वाढविण्याचा मार्गच बंद झाला. सुधारणा करावयाची तर ती वादनातच करावी लागली.

ताशाचा सागरप्रवास

ताशाच्या बाबतीत स्पर्धा परकी आहे असेही म्हणता येत नाही. १८४५ ते १९१७ या काळात करारबद्ध मजूर म्हणून भारतीय माणसे त्रिनिदादला नेण्यात आली. ती प्रामुख्याने उत्तर भारतातील होती. त्यांच्याबरोबर गेलेला ताशा मोहरमच्या ‘होसे’ मिरवणुकीत आणि लग्नांत रुजला. तेथे ताशावादनाच्या स्पर्धा होतात, आणि एकेका ठेक्याला इंग्रजीत ‘हँड’ म्हणजे ‘हात’ म्हणतात. तेथील संच थोडक्यांचा असतो : दोन-तीन ताशे, एक मोठा ढोल, एक झांज. परीक्षकाला प्रत्येक वादकाचा हात वेगळा ऐकू येतो. एकाच वाद्याचे दोन समाजांत असे दोन स्वभाव घडावेत, ही बाब संगीताच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावे अशी आहे.

संख्येचा नाद

महाराष्ट्रात समूहवादनाची थोरवी बहुधा संख्येने मोजली जाते. २६ जानेवारी २०१४ रोजी सांगलीत ७,३३८ जणांनी एकत्र लेझीम खेळून जागतिक विक्रम नोंदविला. तो विक्रम किती जणांचा हे सर्वांच्या स्मरणात राहिले, लेझीम कशी झाली हे कोणी विचारले नाही. मिरवणुकीची रचनाही याला पोषक आहे. पथक चालत असते, श्रोता रस्त्याच्या कडेला उभा असतो आणि त्याच्या वाट्याला एका पथकाची काही मिनिटेच येतात. तेवढ्या वेळात ठेक्याची बारीक कारागिरी जाणवणे कठीण. ढोल किती आहेत हे मात्र लगेच दिसते.

संख्येने नेमके काय साधते, हे भौतिकशास्त्राच्या आधारे तपासून पाहण्यासारखे आहे. सारख्या जोराने वाजणाऱ्या वाद्यांची संख्या दुप्पट केली तर ध्वनिपातळी सुमारे ३ डेसिबलने वाढते. म्हणजे ३० ढोलांऐवजी १२० ढोल आणले तर वाढ होते ती फक्त ६ डेसिबलची. आणि मानवी कानाला आवाज दुप्पट वाटण्यास साधारण १० डेसिबल लागतात. चौपट माणसे आणूनही नाद दुपटीलासुद्धा पोहोचत नाही! उलट तोटा निश्चित होतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ताशापासून ३४ मीटर मागे असलेल्या ढोलकऱ्यास ठेका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत हा मात्रेचा पाचवा हिस्सा झाला. लांबलेल्या पथकाचा ठेका ‘फाटतो’ तो वादकांच्या आळसामुळे नव्हे. अमेरिकन पथकांना ही अडचण मैदानावर भेडसावते. तेथे वादक मागून येणारा आवाज धरून वाजवितात किंवा संचालकाच्या हाताकडे पाहतात, कारण प्रकाशाला उशीर होत नाही.

याच आकड्यांवरून लवादाच्या बंधनाचीही मर्यादा दिसते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्राची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, तर औद्योगिक क्षेत्राची ७५ डेसिबल आहे. निगडी प्राधिकरणातील निवासी पेठा आणि औद्योगिक वसाहत यांच्यात काही मिनिटांचे अंतर; कायद्याच्या दृष्टीने मात्र २० डेसिबलचे. १२० चे ३० केल्याने ६ डेसिबल कमी होतील. रस्त्यालगतच्या घरातील वृद्धाला वा तान्ह्या मुलाला त्याने फारसा दिलासा मिळणार नाही. त्यासाठी वेळ, अंतर आणि थांबण्याच्या जागा यांचे नियमन अधिक उपयोगी ठरेल.

संख्येची मर्यादा संगीताच्या दृष्टीने मात्र स्वागतार्ह आहे. ती लवादाने नव्हे, पथकांनी आपल्यावर घालून घ्यावयास हवी. कठोर परीक्षण पुण्याला अपरिचित नाही. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत २०२२ साली अपेक्षित दर्जा न आढळल्याने परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. त्यावर बरीच टीका झाली, पण स्पर्धेचे वजन कमी झाले नाही. ढोल-ताशाच्या एखाद्या स्पर्धेत परीक्षकांनी असा निर्णय घेतल्याची कल्पनाही आज करवत नाही.

अशी स्पर्धा निगडीच्या एखाद्या मैदानावर झाली, तर तिचा एक गट दहा वादकांचा असावा. ताशाची स्वच्छता, ठेका बदलतानाची सफाई आणि टोलाची स्थिरता या बाबी तेथे झाकता येणार नाहीत. आणखी एक गोष्ट त्यातून घडू शकेल. हलगी, संबळ आणि सनई वाजविणाऱ्या पिढीजात कलावंतांचे संच चार-सहा जणांचेच असतात. हौशी पथकांच्या वाढत्या आकारापुढे उत्सवातील त्यांची जागा आक्रसत गेली आहे. तिसाची मर्यादा असो वा नसो, त्यांना तिचा स्पर्शही होत नाही. दहाच्या गटात मात्र ते महाविद्यालयीन पथकांच्या समोर उभे राहू शकतील, आणि कोणाचा हात अधिक तयार आहे हे तेथे एकदा ऐकता येईल.